कोरडो हात

कौल असला की धोंडू गुरव आदल्या दिवसापासून केसांना तेल लावत नसे. त्यामुळे पिंजारल्या केसांचा धोंडू वाटेत दिसला की लोक समजायचे, उद्या कोणीतरी देवीला काहीतरी विचारणार आहे. रेडीच्या अलीकडच्या त्या वाडीत वर्तमानपत्र दुपारी यायचं, धोंडूचे केस मात्र सकाळीच बातमी द्यायचे.

पावणाईच्या देवळात कौल लावायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवीच्या काळ्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणावी, नवी होडी कधी पाण्यात लोटावी, भावाभावांनी एकत्र राहावं की चुली वेगळ्या मांडाव्यात, सगळं त्या नखाएवढ्या पाकळीवर. आणि पाकळीचं असं असतं की लावणाऱ्याच्या बोटाला तेल असलं तर ती पाषाणावर ठरत नाही, निसटते. म्हणून गुरवाचा हात कोरडा हवा. धोंडूच्या बापाने जाताना घराबद्दल, आंब्याच्या कलमांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. हात कोरडो ठेव, एवढंच सांगून त्याने डोळे मिटले होते. गावातही तो शब्द रुळलेला होता. एखादा माणूस सरळ असला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, की म्हणायचे, तेचो हात कोरडो आसा.

एरवी हे व्रत एका दिवसाचं. सुरंगीच्या हंगामात ते लांबायचं. देवळासमोर सुरंगीचं जुनं झाड होतं. शिमग्याच्या आगेमागे त्याच्या फांद्यांना साल दिसू नये इतक्या कळ्या धरायच्या, आणि त्या उमलल्या की वाडीत कोण कुठून येतंय हे नाकालाच कळेनासं व्हायचं, सगळीकडे एकच वास. फूल बोटात चुरडलं तर पिवळं, बुळबुळीत काहीतरी मागे राहतं आणि साबणालाही दाद देत नाही. बापाने कधीकाळी ठरवून टाकलं होतं की हंगाम संपेपर्यंत हे फूल गुरवाच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. धोंडूने ते पुढे चालवलं. त्याची बायको सीता इतर बायकांसारखाच सुरंगीचा वळेसर माळायची, पण घरी परतताना तुळशीपाशी थांबायची, अंबाड्यातला तो गजरा सोडून तुळशीच्या कोनाड्यात ठेवायची आणि मग आत पाऊल टाकायची. लग्न होऊन आली त्या वर्षी ती यावरून रडली होती. पुढे तिला सवय झाली. म्हणजे सवय झाली असं धोंडू म्हणायचा, सीतेला कोणी विचारलं नव्हतं.

सून रश्मी आंबोलीची. तिकडे पावसाला तोटा नाही, पण सुरंगी नाही. मुलगा स्वरूप रेडीच्या बंदरावर कामाला, दिवसभर घराबाहेर. रश्मीने पहिल्याच हंगामात ते झाड बघितलं आणि तिथेच तिचं मन जडलं. तालुक्याला बायकांसाठी प्रशिक्षण होतं, तिथे जाऊन ती फुलांचं तेल काढायला शिकून आली. घरात फूल चालत नाही म्हटल्यावर तिने कुरकुर केली नाही, मागच्या शेतातला मांगर, गुरं बांधायची ती खोप, झाडून घेतला आणि तिथे आपला कारखाना थाटला. खोबरेल तेलात ताजी फुलं बुडवायची, दुसऱ्या दिवशी ती गाळून काढून नवी घालायची, असं तेल वासाने भरून येईपर्यंत करत राहायचं. दुसरीकडे तांब्याच्या भांड्यात फुलांना वाफ द्यायची. त्या वाफेचं पाणी झालं की त्यावर तेलाचा इतका पातळ तवंग यायचा की डोळे बारीक करून बघावं लागे. तो ती नळीने टिपून इवल्या बाटलीत ठेवायची. तिचं तेल साबण करणारी एक बाई न्यायची, शिरोड्याचे दोन होमस्टेवाले पाहुण्यांसाठी न्यायचे. सीतेच्या गुडघ्यालाही तेच लागायचं, अर्थात मांगरात बसून.

धोंडू कधीमधी मांगराच्या दारात येऊन उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. एकदा त्याने विचारलं होतं की एवढ्या टोपलीभर फुलांतून एवढंसंच निघतं, मग वास इतका कसा. रश्मीने सांगितलं तेव्हा तिला कल्पना नव्हती की ती म्हाताऱ्याच्या आयुष्याचा पाया हलवते आहे.

"वास म्हणजे वारो न्हय, बाबा," ती म्हणाली. "तां तेलच. फुलाच्या आंगातला. उन लागला की हवेत उडता, म्हणान आपल्याक कळता."

परत जाताना धोंडूच्या डोक्यात ते घोळत राहिलं. वास हेच जर तेल असेल तर हंगामात गाभाऱ्यातसुद्धा तेल भरून असतं, पाषाणावर असतं, आपल्या बोटांवरही असतं. मग आपण इतकी वर्षं कोरडं ठेवलं ते काय? विचार फार पुढे गेला तर घराण्यावरच यायचा, म्हणून त्याने तो तिथेच सोडला आणि विहिरीवर जाऊन हात धुतले.

झाडाचा प्रश्न निघाला तो मंडपावरून. भाई म्हणजे गावच्या मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष. खरं नाव लोक विसरले होते. गेल्या जत्रेत ओटी भरायच्या रांगेत त्यांची म्हातारी आई उन्हाने चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून भाईंनी मनावर घेतलं की देवळाचा मंडप पुढे वाढवायचा, माणसाला सावली मिळाली पाहिजे. आराखडा झाला, आणि आराखड्यात सुरंगी बरोबर मध्ये आली. भाई काही झाडांचे वैरी नव्हते. त्याच झाडाखाली गोट्या खेळून ते मुंबईला गेले होते. झाड वाचवून मंडप बसतो का हे त्यांनी दोनदा माणूस आणून मोजून घेतलं होतं. बसत नव्हता. गावात दोन तट पडले. सुरंगीची सावली काय कमी आहे म्हणणारे होते, त्या सावलीत सगळा गाव मावत नाही म्हणणारेही होते, आणि दोघांचंही खरं होतं. शेवटी नेहमीप्रमाणे ठरलं, देवीला विचारायचं.

धोंडूला झाड राहायला हवं होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, गुरवाने सांगायचं नसतं, पण त्याला ते इतकं हवं होतं की जेवण जात नव्हतं. बापाने त्याला पाकळी लावायला शिकवलं ते त्या झाडाच्या बुंध्यावर, पाषाणाला हात लावायचं वय नव्हतं तेव्हा. आणि रश्मीचं तर सगळंच त्या झाडावर होतं. वाडीतली बाकीची झाडं कळी धरायच्या आधीच व्यापाऱ्यांनी बांधून घेतलेली असत. हे एक देवीचं, म्हणून सर्वांचं. ते गेलं की मांगरात पुन्हा गुरं.

कौलाच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, तो रश्मीला चहाला हाक मारायला मांगराकडे गेला. हातात संध्याकाळच्या पूजेची परडी होती. रश्मी वर्षाचं पहिलं तेल फडक्यातून गाळत होती. दारातल्या काळ्या दगडी पायरीवर थोडं सांडलं होतं. धोंडू वाकला तशी परडीतली तगरीची एक पाकळी त्या पायरीवर पडली, क्षणभर थांबली आणि सावकाश घसरत खाली मातीत गेली. धोंडू बघत राहिला. मग त्याने परडीतून दुसरी पाकळी घेतली आणि मुद्दाम तिथेच ठेवली. तीही गेली.

उजव्या खांद्यावर एक बोट फिरवलं की झालं. कोणाला कळणार नाही. अख्ख्या गावाच्या डोक्याला सुरंगी माळलेली, कोण कुठला वास हुडकणार? विचार असा सरळ चालत आला की धोंडूला आपलीच भीती वाटली. चहाचं सांगायचं राहून गेलं. तो विहिरीवर गेला आणि तेलाला शिवलेला नसतानाही राखेने हात घासत बसला, कातडी लाल होईपर्यंत.

सकाळी सगळा गाव देवळात जमला. बायका वळेसर माळून आल्या होत्या, भाई पांढऱ्या सदऱ्यात पुढे उभे होते, शेजारी खुर्चीवर त्यांची आई. रश्मी खांबाला टेकून उभी होती. धोंडूचा पुतण्या लवू पाण्याचा तांब्या घेऊन आला. धोंडूने पाकळ्या भिजवल्या, दोन्ही खांद्यांवर लावल्या, मागे सरला आणि हात जोडले.

"बा देवी पावणाई, आज तुझ्या पायाकडे सगळो गाव जमलो हा. झाड तुझां आणि मंडपय तुझो. झाड ठेवचां आसात तर उजवो कौल दी. झाड काढून मंडप वाढवचो आसात तर डावो दी."

लोकांचं "होय महाराजा" अजून घुमत होतं तोवर उजवी पाकळी खाली आली.

इतका झटपट कौल कोणी पाहिला नव्हता. बायकांच्या बाजूला हलकी कुजबुज उठली, कुणीतरी शंख फुंकला. भाईंनी क्षणभर ओठ आवळले आणि मग मान लववली. देवीची इच्छा, असं ते आईला हळूच म्हणाले. रश्मीने डोळे मिटून हात जोडले होते आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. धोंडूच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो आनंदाने पुढे झाला, वाकला आणि पडलेली पाकळी उचलायला गेला. ती बोटांत ठरेना.

त्याने ती पुन्हा पकडली आणि नाकाशी नेली. तगरीला दिवसा वास नसतो. या पाकळीला सुरंगीचा होता.

मग त्याचं लक्ष पाषाणाकडे गेलं. दिव्याच्या उजेडात उजवा खांदा चकाकत होता, डावा नव्हता. कोणी लावलं असेल हे समजायला त्याला वेळ लागला नाही. पहिला आंबा देवीचा, पहिली लोंबी देवीची, जाळ्यातली पहिली मासळीसुद्धा देवीच्या नावाने सोडतात. गाभारा झाडायला सकाळी रश्मीच गेली होती. तिने पहिलं तेल देवीला लावलं होतं, आणि चांगलं ते उजव्या अंगाला करतात म्हणून उजव्या खांद्याला लावलं होतं. घरात जन्मभर 'हात कोरडो', 'हात कोरडो' हेच चाललं. पाषाणही कोरडा लागतो हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ आली नव्हती.

आता फक्त गप्प बसायचं होतं. त्याने काही केलं नव्हतं, त्याचा हात कोरडाच होता. सगळा गाव खूश होता, भाईसुद्धा मानले होते. पण काल संध्याकाळी पायरीवर दुसरी पाकळी त्यानेच ठेवली होती. जे करायचं त्याने टाळलं तेच घडून समोर आलं होतं, आणि ते हातात घेऊन घरी जाणं म्हणजे आपण केल्यासारखंच होतं. त्याला रश्मीचा चेहरा दिसत होता. तिच्याकडे न बघता तो वळला.

"थांबा," तो म्हणाला. "ह्यो कौल धरू नकात. पाषाणाक तेल लागलां हा."

कोणी लावलं, असं मागून एकाने विचारलं. रश्मी खांबापासून पुढे आली.

"मी लावलंय," ती म्हणाली. "पयला देवीचा म्हणान."

लोक एकमेकांकडे बघू लागले. भाईच मध्ये पडले, पोरीने भक्तीने लावलंय, उगाच कोणी नावं ठेवू नका म्हणाले. लवूने ऊन पाणी आणि तांदळाचं पीठ आणलं. पाषाण घासून घासून कोरडा केला. धोंडूने पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा तेच गाऱ्हाणं घातलं. या वेळी देवीने घाई केली नाही. उभे होते ते बसले, पोरं कंटाळून बाहेर पळाली, भाईंच्या आईने खुर्चीतच मान कलती करून एक डुलकी काढली. बाहेर ऊन चढलं तसा झाडाचा वास आत येऊ लागला. मग डावी पाकळी पडली.

रश्मीने एकच मागणं केलं, यंदाची फुलं संपेपर्यंत कुऱ्हाड लावू नये. भाईंनी ते लगेच मान्य केलं.

गाव आपल्या वळणावर गेला. सासऱ्यान हात कोरडो ठेवलो नि सुनेन पाषाण ओलो केलो, असं तिठ्यावर कोणीतरी म्हणालं आणि ते वाडीभर झालं. विनोद म्हणून चांगला होता, रश्मीच्या कानावर जाईपर्यंत. धोंडूची मात्र कीर्ती वाढली. घरातला असून त्याने सुनेचं झाकलं नाही, असा गुरव दुसरा नाही, म्हणू लागले. ही कीर्ती त्याला ताटातल्या खड्यासारखी लागायची. रश्मी त्याला वेळेवर चहा द्यायची, पंचा धुऊन ठेवायची, आणि बोलायची नाही. दिवसभर मांगरात असायची. झाड जाणार म्हणून ती फांदी न्‌ फांदी खुडून घेत होती, जणू सगळं झाड बाटल्यांत भरून ठेवणार होती.

एका दुपारी धोंडू मांगराकडे गेला. या वेळी तो दारात थांबला नाही, पायरी ओलांडून आत गेला. रश्मीने वर पाहिलं.

"तुमका गप रवाक काय झाला होता, बाबा?" तिने विचारलं. इतके दिवस तेच तिच्या तोंडाशी होतं. "तुमी काय केलां नव्हतां. मीय कपटान केलंय नाय. देवीनच करून घेतलां, असा समाजलो असतो गाव."

धोंडू फुलांच्या टोपलीजवळ खाली बसला.

"आदल्या सांजेक हय पायरीर माझी पाकळी घसारली," तो म्हणाला. "मी दुसरी लावन बघितलंय. उजव्या खांद्याक एक बोट लावचा, असा माझ्याच मनात इला होता, रश्मी. तू लावलंस ता भक्तीन. मी लावलंय असतंय ता चोरीन. गप रवलंय असतंय तर तुझा तेल माझी चोरी झाली असती."

रश्मी त्याच्याकडे बघत राहिली. सासरा कधी कुठल्या वाटेने चुकू शकतो हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"झाड माकाय व्हया होता," तो म्हणाला.

रश्मीने टोपली दोघांच्या मध्ये सरकवली. देठ वेगळे करायचे होते. धोंडूने एक फूल चिमटीत उचललं, मग दोन. मग दोन्ही हात मनगटापर्यंत त्या फुलांत घातले. आत गारवा होता. बोटांना पिवळं लागत गेलं, तळव्यांच्या रेषांत शिरलं, नखांत बसलं. काम करता करता रश्मी सांगत होती की उमलून गेलेल्या फुलात तेल कमी असतं, कळी फुटता फुटताच खुडावी, आणि तो मान डोलवत होता. मध्येच ती म्हणाली की तुमच्या हाताने देठ चांगले सुटतात. कौतुकच होतं ते.

लवू शोधत शोधत तिथेच आला. कुणाच्या तरी होडीसाठी उद्या सकाळी कौल हवा होता. धोंडूने फुलांतून हात वर काढले आणि तळवे त्याच्यासमोर धरले.

"आता तूच लाव," तो म्हणाला. "माझो हात कोरडो नाय."

लवूला वाटलं काका चेष्टा करतोय. मग त्याने रश्मीकडे पाहिलं, पुन्हा त्या हातांकडे पाहिलं, आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी गावाला पिंजारलेले केस दिसले ते लवूचे.

मांगरातून परतला त्या संध्याकाळी धोंडू पडवीत बसला होता. सीता देवळातून आली. अंगणात शिरून सवयीप्रमाणे तुळशीपाशी थांबली आणि वळेसर सोडायला तिने हात अंबाड्याकडे नेला.

"काढू नको गो," धोंडू म्हणाला.

सीतेचा हात तसाच राहिला. तिने नवऱ्याचे पिवळे हात पाहिले. मग अंगणापलीकडे, देवळासमोर, सुरंगीच्या बुंध्यावर तोडीसाठी आखलेली चुन्याची रेघ इथूनही दिसत होती, तिच्याकडे पाहिलं.

"आता सुचला तुमका?" ती म्हणाली. "झाड जावच्या येळाक?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. वळेसर तिने पुन्हा नीट खोचला, उंबरा ओलांडला आणि चुलीकडे गेली, आणि तिच्या मागून सुरंगीचा वास घरात शिरला.